‘मी’चें लिंग कोणीं ठरवावें?

इंग्रजींत ‘मी जातों’ आणि ‘मी जातें’ या दोन्ही वाक्यांचें भाषांतर एकच होतें. मराठींत मात्र माणसानें स्वतःविषयीं बोलावयास तोंड उघडलें, कीं पहिलें क्रियापद संपण्यापूर्वींच आपण पुरुष कीं स्त्री हें बहुधा त्याला सांगून टाकावें लागतें. ही गोष्ट लहानपणापासून आपल्या इतकी अंगवळणीं पडलेली असते, कीं तींत कांहीं नैतिक प्रश्न दडलेला असेल अशी शंकाहि येत नाहीं. मला ती पंचावन्नाव्या वर्षापर्यंत आली नव्हती.

गेल्या वर्षीं आमच्या महाविद्यालयांतील चित्रपट-मंडळानें जेनी लिव्हिंग्स्टन यांचा ‘पॅरिस इज बर्निंग’ हा १९९० चा माहितीपट दाखविण्याचें ठरविलें आणि त्यांतील संभाषणांचें भाषांतर करण्याचें काम मजकडे आलें. न्यूयॉर्कमधील गरीब कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन वंशाच्या लोकांच्या ‘बॉल’ नांवाच्या स्पर्धांचें हें चित्रण आहे. घरच्यांनीं टाकलेलीं अनेक मुलें तेथें ‘हाउस’ नांवाचीं कुटुंबें करून एकमेकांना धरून असतात. प्रत्येक कुटुंबाला एक ‘मदर’ असते. स्पर्धेंत कोणी झगमगीत झगा घालून मिरवतें, तर कोणी कचेरींतील साहेबाचा, सैनिकाचा किंवा शाळकरी मुलाचा वेष घेतें. कांहीं स्पर्धांत कसोटी एवढीच, कीं रस्त्यावरील माणसाला पाहून कांहींच वेगळें वाटूं नये. हें पाहतां पाहतां प्रेक्षकाच्या ध्यानीं येतें, कीं खऱ्या साहेबाचें चालणें हेंसुद्धां एक शिकून घेतलेलें सोंग आहे. फरक इतकाच, कीं त्याला कोणी गुण देत नाहीं.

या चित्रपटांत व्हीनस एक्स्ट्राव्हॅगान्झा नांवाची एक नाजूक बांध्याची व्यक्ति आहे. पांढऱ्या पोषाखांत चर्चमध्यें लग्न व्हावें, शहरापासून दूर स्वतःचें घर असावें, शस्त्रक्रियेनें शरीर स्त्रीचें व्हावें, अशा तिच्या इच्छा. ‘मला हवें आहे’ अशा वाक्यांपर्यंत माझें काम सुरळीत चाललें. तेथें मराठी व्याकरण बोलणाराचें लिंग विचारीत नाहीं. पण सगळा चित्रपट अशा आडवाटेनें नेतां येत नाहीं. ‘मी’बरोबर चालणारें पहिलें क्रियापद आलें, आणि मीं तें पुल्लिंगी लिहिलें. जन्मतः शरीर पुरुषाचें होतें हें मला ठाऊक होतें, आणि भाषांतरकारानें वस्तुस्थितीशीं प्रामाणिक असावें असें मी मानतों. मदतीस बसलेल्या विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, त्या स्वतःला काय म्हणवतात?” मला राग आला. तिच्या प्रश्नाचें उत्तर मला माहीत होतें, पण तें मीं लिहिलेल्या वाक्यांत नव्हतें.

त्याच चित्रपटांत एका हाउसचे प्रमुख पेपर लाबेजा आहेत. तोच झगा, तोच रंग, तोच डौल. पण ते स्वच्छ सांगतात, कीं आपण स्त्रीचें अनुकरण करणारे पुरुष आहों, स्त्री कधींच नव्हतों. शस्त्रक्रियेची इच्छाहि आपल्याला कधीं झाली नाहीं. डोळ्यांनीं पाहणाराला दोघेंहि एकाच माळेचे मणी वाटतील. कानांनीं ऐकणाराला मात्र एकीच्या तोंडीं ‘राहतें’ आणि दुसऱ्याच्या तोंडीं ‘राहतों’ लिहावें लागेल. माहितीपट हा डोळ्यांचा विषय अशी आपली समजूत. पण प्रेक्षकाचा नैतिक कस लागतो तो ऐकण्यांत, असें मला त्या दिवशीं प्रथमच वाटलें.

येथें कोणी विचारील, कीं जो तो आपलें लिंग आपणच सांगूं लागला, तर भाषेची आणि समाजाची घडी कशी राहील? ही शंका उडवून लावण्याजोगी नाहीं. पण आपल्याच भाषेचा इतिहास काय सांगतो? ज्ञानेश्वरांनीं विरहिणी रचिल्या त्या स्त्रीच्या मुखानें. शतकानुशतकें पुरुष त्या गात आले, आणि कोणाची घडी विस्कटली नाहीं. बालगंधर्वांचें नेसणें आणि दागिने पाहून घरंदाज स्त्रियांनीं त्यांचें अनुकरण केलें; म्हणजे स्त्रीत्वाचे कांहीं धडे स्त्रिया एका पुरुषाकडून शिकल्या. हें सारें भाषेनें सोसलें. समाजानेंहि सोसलें, कारण अभंग संपतो आणि पडदा पडतो. आपल्याला असह्य होतें तें पडदा न पडणें.

व्हीनसच्या आयुष्यावर पडदा पडला तो निराळ्या रीतीनें. चित्रपट पुरा होण्यापूर्वीं, १९८८ च्या डिसेंबरांत, वयाच्या तेविसाव्या वर्षीं तिचा खून झाला. चित्रपट पुढें गाजला. त्यांत दिसलेल्या कांहींजणांनीं मोबदल्याची तक्रार केली, आणि सुमारें ५५,००० डॉलर १३ जणांत वांटण्यांत आले. संमतिपत्रांवर सह्या झालेल्या होत्या, तेव्हां कायद्यानें कोणी कोणाचें देणें लागत नसेल. पण ज्यांच्या ‘मी’वर चित्रपट उभा राहिला, त्यांचें देणें सहीनें फिटतें काय? आणि पैशानें तरी तें सगळें फिटतें काय? प्रेक्षकाकडेहि त्यांतील कांहीं बाकी राहतें.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १५ एप्रिल २०१४ च्या निकालांत, आपलें लिंग कोणतें हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे, असें म्हटलें. त्या तत्त्वाचे व्यवहारांतील तपशील ठरवितांना मतभेद होतील, आणि इतरांच्या हिताचाहि विचार करावा लागेल. पण एखाद्यानें स्वतःविषयीं बोललेलें वाक्य त्याच्याच प्रत्ययानें लिहावयास कोणाचें काय जातें?

मीं व्हीनसचीं सारीं क्रियापदें बदललीं. त्यानंतर कांहीं दिवसांनीं पुण्याहून मुंबईस जात असतां टाळी वाजवीत एक तृतीयपंथी व्यक्ति डब्यांत आली. मीं संवयीनें खिशांत हात घातला. तीस वर्षें मी या मार्गानें प्रवास करतों, आणि इतक्या वर्षांत त्यांच्यापैकीं कोणाच्या तोंडून स्वतःविषयींचें एकहि वाक्य मीं ऐकलेलें नाहीं, हें तेव्हां लक्षांत आलें. नाणें हातावर ठेवून आपण बहुधा ऐकण्यांतून सुटका विकत घेतों. त्या दिवशीं मीं विचारलें, “कोठवर जायचें आहे?”

क्षणभर माझ्याकडे पाहून उत्तर आलें, “कल्याणला उतरतें मी.”