शब्दांची जात

इंग्रजीतले नाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब ओळखायला शिकवताना आपण मराठीतलाच जुना शब्दप्रयोग वापरतो: शब्दांच्या जाती. 'अधोरेखित शब्दाची जात ओळखा' हा प्रश्न मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शाळांमध्ये सत्तावीस वर्षे फळ्यावर लिहिला. समोर कातकरी, ठाकर, महादेव कोळी, कुणबी मुले बसलेली असत. या प्रश्नात खटकण्यासारखे काही आहे, असे मला कधी वाटले नाही.

ते खटकले एका एप्रिलमध्ये. सकाळची शाळा होती. 'वुई वॉटर द प्लांट्स' असे वाक्य लिहून मी 'वॉटर'ची जात विचारली. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "नाउन." मी "व्हर्ब" अशी दुरुस्ती केली. आईबाप भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेल्यामुळे आजीजवळ राहिलेली एक कातकरी मुलगी उभी राहिली. "गुरुजी, पाणी तं पाणीच ना?" आदल्याच आठवड्यात मी 'वॉटर' हा शब्द नामांच्या यादीत पाठ करून घेतला होता. तिचा आक्षेप रास्त होता.

उदाहरणही मी विचार न करता निवडले होते. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातली. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते आणि मुंबईची सुमारे निम्मी तहान आज भातसा भागवते. याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आमच्या वर्गाला ठाऊक असलेले पाणी हंड्याने मोजले जाई. एप्रिलमध्ये झाडांना रोज पाणी घालणारे ते 'वुई' कोण, हा प्रश्न तिने विचारला नाही, एवढेच.

मराठीत शब्दाचे काम बदलले की बहुधा त्याचे रूपही बदलते. 'पाणी' या नामाचे क्रियापद करायचे तर 'पाणावणे' म्हणावे लागते, आणि पाणावतात ते बहुधा डोळेच. दगडाची भिंत 'दगडी' होते, रंग 'रंगवतो' होतो. त्यामुळे मराठी मुलाला शब्द नुसता पाहिला तरी पुष्कळदा त्याची ओळख पटते. इंग्रजीत हा आधार फार थोडा आहे. 'स्टोन' हा शब्द तसाच्या तसा नाम होतो, 'वॉल'च्या आधी येऊन विशेषणाचे काम करतो, आणि दगड मारण्याची क्रियाही तोच सांगतो. तो वाक्यात कुठे उभा आहे आणि तिथे काय करतो आहे, एवढेच पाहायचे असते. मी मात्र वाक्य बाजूला ठेवून शब्दांच्या याद्या पाठ करून घेत होतो. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. याद्या पाठ करण्याचे वय तेवढे अलीकडे आले.

या वर्गीकरणाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. यास्काने पदांचे चारच प्रकार मानले: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. विशेषणाला त्यात वेगळे घर नाही. ते नामातच नांदते. मराठीत आठ जातींची मांडणी रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. 1836 साली प्रसिद्ध झालेले दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर उभे होते. म्हणजे जी चौकट आपण इंग्रजीकडून घेतली, तिच्याच आधारे आज पाड्यावरचे मूल इंग्रजी शिकते. मधल्या प्रवासात तिला 'जात' हे नाव मात्र आपण दिले. संस्कृतात जाती म्हणजे प्रकार, हे मला मान्य आहे. पण वर्गातले मूल कोश उघडून बसलेले नसते. त्याच्या कानी हा शब्द पडतो तो जातीच्या दाखल्यासाठी बाप तहसील कचेरीत खेटे घालतो तेव्हा. ठाकरांच्या घरी तर दाखल्यावर ठाकूर लिहिले आहे की ठाकर, आधी 'क' आहे की 'म', एवढ्या अक्षरांवरही दिवस मोडतात.

त्या मुलीच्या जमातीचे नाव कामावरून पडलेले आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलावर निर्बंध आले, कात काढणे मागे पडले, नाव राहिले. आज या माणसांपैकी अनेकांचे निम्मे वर्ष विटा थापण्यात जाते. दिवाळीनंतर बिऱ्हाड भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. तरी दाखलखारीज रजिस्टरच्या रकान्यात एके काळच्या क्रियापदाचे नाम झालेले आहे, आणि ते बदलण्याची सोय व्याकरणात नाही. या नावावर सवलती मिळतात, त्या हव्यातच. माझे म्हणणे माझ्या फळ्यापुरते आहे. जिथे शब्दाचे काम पाहायचे होते, तिथे मी त्याचे जन्मनाव विचारीत होतो.

तिला मी त्या दिवशी धड उत्तर दिले नाही. तास संपत आला होता. दुसऱ्या दिवशी 'वॉटर'ची दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहिली आणि एकेका वाक्यातून तो शब्द पुसून टाकला. पहिल्यात, ती म्हणाली, वस्तू गेली. दुसऱ्यात वाक्यच बसले. 'वाक्य बसले' हे तिचेच शब्द.

पुढे मुरबाडला, टोकावड्याच्या बाजूला बदली झाली. तिथे मी प्रश्न असा लिहू लागलो: 'या वाक्यात हा शब्द काय काम करतो?' फळ्यावर त्याला दोन ओळी लागतात. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने विचारले, परीक्षेत असाच येणार का? मी नाही म्हणालो. त्याने वहीत आधी जुना प्रश्न उतरवला आणि खाली माझा.