साथीचे वय

युरोपातले एखादे वाद्यचतुष्क आपल्या स्थापनेची पन्नास किंवा पंचाहत्तर वर्षे साजरी करू लागते, तेव्हा त्या वर्षाच्या सगळ्या मैफलींना स्मरणाचे वलय लाभते. जुनी छायाचित्रे बाहेर निघतात, आरंभीच्या मैफलीतली रचना पुन्हा वाजवली जाते, आणि रसिकांच्या टाळ्या समोर बसलेल्या चौघांसाठी असतात की त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या गतकाळासाठी, हे रसिकांनाही सांगता येत नाही. अशा वेळी मला एक प्रश्न पडतो: ही वर्षे नेमकी कोणाची भरली? अमेडियस चतुष्क १९४७ साली जमले. पुढची चाळीस वर्षे तेच चौघे एकत्र वाजवत राहिले, आणि १९८७ मध्ये त्यांच्यातला व्हायोलावादक पीटर शिडलॉफ गेला तेव्हा उरलेल्या तिघांनी त्याच्या जागी कोणालाही न बसवता ते चतुष्कच मिटवले. बोरोदिन चतुष्क मात्र १९४५ पासून आजतागायत चालत आले आहे. त्यातली माणसे बदलत गेली, जवळजवळ आरंभापासून २००७ पर्यंत टिकलेला चेलोवादक बर्लिन्स्कीही अखेर उठला, तरी नाव आणि नाद चालू राहिले. एकाचे आयुष्य माणसांच्या आयुष्याला बांधलेले, दुसऱ्याचे माणसांना ओलांडून गेलेले. निष्ठा दोन्हीकडे सारखीच आहे. एकीकडे ती माणसांशी आहे, दुसरीकडे माणसांच्या मधोमध उत्पन्न होणाऱ्या नात्याशी.

हा प्रश्न मनात घेऊन मी सिंधुदुर्गातल्या रात्रींचा विचार करू लागतो, तेव्हा माझ्यापुढे तिथल्या दशावतार या लोकनाट्यातली तीन वाद्ये येतात: पायपेटी, मृदंग आणि झांज. चेंबर म्युझिक म्हणून जगाने जे ओळखले, त्याची सारी लक्षणे या त्रयीत आहेत. माणसे मोजकी, वाद्ये मोजकी, समोर हात हलवणारा संचालक नाही, आणि ऐकणारे इतके जवळ की वाजवणाऱ्याचा श्वासही त्यांच्या कानी यावा. फरक एवढाच की इथले दालन म्हणजे ग्रामदेवतेच्या देवळाचा मांड किंवा सभामंडप, आणि मैफलीचा हंगाम ठरवतो तो चंद्र. कार्तिकात तुळशीची लग्ने लागली, सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा भरली, की कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवणच्या वाड्यावाड्यांतून जत्रांची साखळी सुरू होते ती उन्हाळा सरेपर्यंत. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, खानोलकर अशी गावांची नावे अंगावर घेऊन हिंडणाऱ्या या मंडळ्या ठरल्या तिथीला ठरल्या देवळात पोचतात. पुष्कळ गावांत जत्रेचा काला कोणी करायचा हा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. गेल्या वर्षी याच रात्री, याच खांबाशी, हीच पेटी लागली होती. त्याच्या आधीच्या वर्षीही. म्हणजे या मंडळ्यांचा सबंध हंगाम हीच वर्धापनदिनांची एक माळ आहे. वर्ष भरते ते देवाचे आणि गावाचे, मंडळी फक्त त्याची साक्षी असते, आणि या साक्षीपणातच तिचे स्वतःचे वय हळूहळू साठत जाते.

मांडावर एक साधे लाकडी बाकडे असते. तेच इंद्राचे सिंहासन, तेच ऋषीचे आसन, तेच वनातली शिळा. त्याच्या कडेला बसलेल्या तिघांकडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचित जाते. ते मुद्दाम द्यावे असे आहे. पायपेटी वाजवणाऱ्याचे दोन्ही पाय भाता हलवत असतात म्हणून त्याचे दोन्ही हात सुरांसाठी मोकळे राहतात. नटाने पद उचलण्याआधीच त्याच्या ओठांच्या हालचालीवरून त्याची पट्टी ओळखून तो सूर पुढे धरतो. मृदंगाच्या डाव्या पुडीला ओल्या कणकेचा लेप असतो आणि उत्तररात्री हवा दमट होऊ लागली की चामडे सैल पडते. मग वादक एक हात बोलांवर ठेवून दुसऱ्या हाताने हातोडी उचलतो, गठ्ठ्यावर दोन ठोके देतो, आणि कथेतल्या राजाला याचा पत्ताही लागत नाही. झांज धरणाऱ्याची नजर काशाच्या तबकड्यांवर कधीच नसते, ती नटाच्या पावलांवर असते. पाऊल उचलले गेले की तबकड्या जवळ येतात, टेकले की भिडतात. युद्धाच्या प्रसंगी लय चढत जाते तेव्हा नट झांजेला ओढतो आहे की झांज नटाला, हे पाहणाऱ्याला उमगत नाही, आणि त्या दोघांनाही ते उमगण्याची गरज वाटत नसावी.

या साऱ्याला लिखित संहितेचा आधार नाही. संध्याकाळी आख्यान ठरते, कोणी कोणती भूमिका घ्यायची हे सांगितले जाते, रंग लावता लावता कथेची वळणे बोलली जातात, आणि मग गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, मालवणीत बोलणारा संकासुर अशा पूर्वरंगातून रात्र मुख्य आख्यानाकडे वळते. संवाद जागच्या जागी सुचतात. कोणता नट कुठे थांबेल, करुणाच्या टोकावरून कधी पदाकडे वळेल, हे कोणालाच आधी ठाऊक नसते. म्हणून तिघा साथीदारांना एकच गोष्ट सतत करावी लागते, ती म्हणजे ऐकणे. जर्मन कवी गटेने १८२९ साली आपल्या संगीतकार मित्राला, झेल्टरला, लिहिले होते की वाद्यचतुष्क ऐकताना चार समंजस माणसांचे संभाषण ऐकल्यासारखे वाटते. ते वाचताना मला वाटले, संभाषणाची कसोटी बोलण्यात असतेच असे नाही. समोरचा अजून बोललेला नाही ते ऐकू येणे ही तिची वरची पायरी आहे. दशावताराच्या मांडावर ही पायरी रोजची आहे. तिथे साथ म्हणजे मागून चालणे नव्हे, समोरच्याच्या मनातले पुढचे पाऊल आपल्या मनात आधी टाकून पाहणे आहे. माणसामाणसांतल्या नात्यांना, संसारांना, मैत्र्यांना आपण एवढेच शिकवू शकलो असतो तर कितीतरी कलह ओठांवर येण्याआधीच विरले असते.

परंपरा सांगते की श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास हा खेळ कोकणात रुजवला. पुढे चारच वर्षांनी, १७३२ मध्ये, ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात हायडन जन्मला, ज्याच्या हातून चतुष्काला त्याचे प्रौढ रूप मिळाले. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी एकाच शतकात जगाच्या दोन कोपऱ्यांत थोडकी माणसे एकत्र बसून एकमेकांना ऐकण्याची शिस्त घडवत होती, हा योग मला सुखावतो. अर्थात दशावतारी खेळांचा उल्लेख समर्थ रामदासांच्या दासबोधातही येतो, तेव्हा हा प्रवाह त्या सालाहून जुना असला पाहिजे. उगमाची तारीख शोधू गेले की प्रत्येक नदी आणखी वर, आणखी दाट रानात शिरते. पेटी मात्र नवी. पॅरिसमध्ये दबँने हार्मोनियमचे पेटंट घेतले ते १८४० च्या दशकात. म्हणजे आज जी पायपेटी दशावताराच्या नादाची ओळख झाली आहे, तिच्यावाचूनही हा खेळ कित्येक पिढ्या रंगत होता. एका परदेशी वाद्याला त्याने कधी आपल्यात घेतले हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही, इतके ते सहज घडले. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या दारातून बाहेर काढले आणि ती बंदी तीन दशके टिकली. त्या बंदीमागचे विद्वानांचे श्रुतींविषयीचे वाद आपल्या जागी रास्तही असतील, पण वेंगुर्ल्याच्या मांडावर भाता हलतच राहिला. जिवंत परंपरेचा हा स्वभाव मला फार विचार करायला लावतो. ती शुद्धतेने टिकत नाही, पचवण्याच्या सामर्थ्याने टिकते. आणि जे पचले त्याला ती आपल्या आजीच्या दागिन्यासारखे मिरवते.

या प्रदेशाने साथीचा एक दुर्मीळ सन्मानही केला आहे. कणकवलीत जे सांस्कृतिक प्रतिष्ठान नाटकाची आणि संगीताची आस्था जपत उभे आहे, ते वसंतराव आचरेकरांच्या नावाने. वसंतराव तबलजी, कुमार गंधर्वांच्या गाण्याला त्यांची वर्षानुवर्षांची साथ. जगात संस्था उभ्या राहतात त्या बहुधा गायकांच्या, नायकांच्या, अग्रभागी असणाऱ्यांच्या नावाने. साथ करणाऱ्याचे नाव एखाद्या गावाच्या सांस्कृतिक जीवनाच्या दारावर कोरले जाणे हे सहसा घडत नाही. कुमारांचे गाणे ऐकताना जाणवते की त्या गाण्यातल्या मोकळ्या जागा, अकस्मात येणारी ती शांतता, कोणीतरी खालून सांभाळून धरली आहे म्हणून त्या निर्भय आहेत. ठेका जितका निरलंकार तितका तो अवघड, कारण त्यात स्वतःला बाजूला ठेवण्याची तपश्चर्या असते. दशावतारातही स्त्रीपार्टी नटांची आणि राजपार्टी नटांची नावे घरोघरी पोचली. बाबी नालंगांची आठवण आजही निघते, सुधीर कलिंगणांना लोकांनी लोकराजा म्हटले. पेटी, मृदंग आणि झांज यांच्यामागची नावे मात्र रात्रीबरोबर सरतात. कीर्तीचा प्रकाश चेहऱ्यावर पडतो, हातांवर पडत नाही. आणि हात तर तेच असतात, ज्यांनी चेहऱ्याला उभे राहायला जमीन दिली.

सिंधुदुर्गात काळाची आणखी एक रीत आहे, तीही मला संगीताजवळची वाटते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगात छापलेली नसते. देवीचा कौल झाला की तिचा दिवस ठरतो. आचऱ्यात रामेश्वराचा कौल झाला की काही वर्षांच्या अंतराने सबंध गाव गुरेढोरे घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस घरे, अंगणे, वाटा माणसांवाचून राहतात. त्याला गावपळण म्हणतात. मला ती वसलेल्या जीवनाच्या तालातली एक खाली वाटते: आघात नाही, पण आवर्तनात तिचे स्थान पक्के, आणि तिच्यावाचून सम आली तरी ती समेसारखी लागणार नाही. दशावताराच्या मंडळीलाही असा विराम आहे. पहिला पाऊस कोसळला की वेषभूषेचा आणि देवतांच्या मुखवट्यांचा पेटारा बंद होतो, आणि रात्री राजा झालेले पुष्कळसे पुरुष चिखलात उतरून भाताचा तरवा लावू लागतात. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, अशी या कलावंतांची ओळख लोकांनी करून ठेवली आहे. तिच्यात करुणा आहे, पण पुढे कार्तिकात ते पुन्हा राजे होणार याचा विश्वासही आहे. जी कला वर्षातले चार महिने मातीत जाऊन येते, तिच्या आवाजात ओलावा राहणारच.

आज मांडावर ध्वनिवर्धक आहेत, रंगीत झोत आहेत, ट्रिकसीनची नाटके गर्दी खेचतात, पावसाळ्यातही सभागृहांत प्रयोग लागतात आणि निरनिराळ्या मंडळ्यांचे नामवंत एकत्र येऊन संयुक्त दशावतार करतात. यातल्या कशानेही मी खिन्न होत नाही. पेटी पचवणाऱ्या परंपरेला झोत काय जड जातील! माझी काळजी वेगळी आहे. ध्वनिवर्धक प्रत्येकाचा आवाज मोठा करतो, पण ऐकण्याची शक्ती मोठी करणारे यंत्र अजून कोणी केलेले नाही. वाजवणाऱ्या तिघांना एकमेकांचा नाद भोंग्यातून येणाऱ्या स्वतःच्याच नादाखाली हरवू लागला, तर मंडळीची शंभर काय, दोनशे वर्षे भरली तरी तिचे वय तिथेच थांबेल. साथीचे वय मोजायचे ते वर्षांत नाही. एकाच्या मनात उठलेली लय दुसऱ्याच्या हातात किती लवकर उतरते आणि दुसऱ्याच्या माघारी तिसऱ्याच्या हाती किती अभंग पोचते, हेच तिचे वय. अमेडियसच्या तिघांनी मैफल मिटवली तीही याच निष्ठेने, आणि मोचेमाडच्या मंडळीत बापाच्या जागी मुलगा मृदंगाला बसतो तोही याच निष्ठेने.

म्हणून दोन विनंत्या. येत्या कार्तिकात सिंधुदुर्गातल्या एखाद्या जत्रेला गेलात, तर उशिरा पोचा पण लवकर उठू नका. पेटीच्या बाजूची जागा धरा आणि पहाटे दहीहंडी फुटून काला होईपर्यंत त्या तिघांचे ऐकणे ऐका. आणि आपल्या गावच्या मंडळीच्या शताब्दीचा किंवा सुवर्णमहोत्सवाचा फलक छापण्याची वेळ आपल्यावर आली, तर तळाशी बारीक अक्षरांत येणारी हार्मोनियम, मृदंग आणि झांज वाजवणाऱ्यांची नावे वर घ्या, आणि नटांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा.