परसातील भाजी आणि स्वावलंबन

घरापुरती भाजी घरीच पिकवावी, दुसऱ्यावर अवलंबून राहू नये, असे अलीकडे पुन्हा बोलले जाऊ लागले आहे. कोणी गच्चीवर डबे मांडतो, कोणी बाल्कनीत पिशव्या भरतो. रत्नागिरीला हे नवे नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या जुन्या घरी मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ वाढत असे, पावसाळ्यात मांडवावरून पडवळ लोंबत असे, विहिरीपाशी शेवगा असे. त्याला कोणी स्वावलंबन म्हणत नव्हते, परसदार म्हणत. आता मोठे नाव मिळाले आहे आणि नावाबरोबर प्रश्नही आला आहे. माणसाने खरोखरच स्वयंपूर्ण व्हावे का? कोणाचीही गरज न लागणे हा सद्गुण आहे की नीटनेटक्या कपड्यांतला अहंकार?

प्रश्न हवेतला नाही. आपल्या बाजारातली बरीचशी भाजी घाटावरून येते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला, अवजड गाड्या थांबल्या. गाडी थांबली की भाजीही थांबते. त्याच्या आदल्या वर्षी टाळेबंदीने हेच शिकवले होते. त्याहूनही मागे जायचे तर १९४२ साल आठवावे. ब्रह्मदेश म्हटले की रत्नागिरीकरांना थिबा राजा आठवतो. इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवले आणि १९१६ साली तो इथेच वारला. पण त्या देशातून तांदूळही येत असे. जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो बंद झाला. आपल्या जिल्ह्याला स्वतःचे भात वर्षभर कधीच पुरत नव्हते. मुंबईची मनीऑर्डर आणि बाहेरचा तांदूळ यांवर घरे चालत. तेव्हा शेकडो मैलांवरचे युद्ध आपल्या चुलीपर्यंत पोहोचले.

म्हणून थोडे तरी घरचे असावे, हे आम्हांला पटते. किती असावे, याचा मात्र हिशेब करावा लागतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि असे मांडले, की पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांवर चांगले जगू शकते. पानांवर पडणारे ऊन ही खरी मिळकत आणि पालापाचोळा हे भांडवल, अशी त्यांची रीत होती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ साली प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली, तीही याच वाटेने. परंतु दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर! दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ते कुठून आणावे? पंधरा कुंड्यांतून कढीपत्ता, मिरच्या, अळू, लाल माठ मिळेल; तांदूळ, मीठ, तेल मिळणार नाही. आणि जे पिकेल त्यातले वानर किती ठेवतील, हे वानरांनाच ठाऊक.

मग फायदा काय? आमच्या मते परसबाग माणसाला कोणाचीही गरज नाही असे शिकवतच नाही. ती नेमकी कोणाकोणाची गरज आहे, ते दाखवते. बाजारातून काकडी आणताना आपण फक्त दुकानदार पाहतो. स्वतः वेल लावला, की शेण कोण देणार, मांडवाचे बांबू कुठून येणार, आणि भोपळ्याच्या मादीफुलावर मधमाशी आली नाही तर काय, हे सगळे समोर येते. मधमाशी न आल्यास इवलासा भोपळा पिवळा पडून गळतो. ज्याने ते पाहिले, तो पुन्हा ‘हे माझ्या एकट्याच्या कष्टाचे’ असे सहज म्हणणार नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात होते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि वाडीवाडीत टँकरची वाट पाहिली जाते. अशा वेळी आमच्या टोमॅटोला आम्ही रोज दोन बादल्या घालायच्या आणि शेजारीण हंडाभर पाण्यासाठी ताटकळायची, हे कसले स्वावलंबन? घराला स्वयंपूर्ण करताना गल्लीला तहानलेले ठेवले, तर ती भाजी महाग पडली. जुन्या लोकांनी अळू मोरीपाशी लावले, ते उगीच नव्हे. एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा वापरायचे आणि उन्हाळ्यात वाफे रिकामे ठेवायचे, ही त्यांची शिस्त होती. पावसाआधीची आगोट भरणे हीही तशीच शिस्त. आमसुले, फणसाचे सांठ, सुकट घरात आले, की चार महिने निभावत.

आणखी एक अडचण आहे. घरोघरी माठ पिकला, तर आठवडा बाजारात माठाच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या मावशीने काय करावे? तिचे परसदार हाच तिचा पगार. आम्हांला वाटते, घाटावरून येणाऱ्या भाजीच्या जागी आपले पिकवावे. मावशीच्या जुडीशी स्पर्धा करू नये, आणि तिच्याकडे घासाघीस तर मुळीच करू नये.

रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तो त्या दिवसापुरता. ज्यांनी सकाळपर्यंत साठवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. नियमशास्त्रात तर शेताचे कोपरे कापू नयेत, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावेत, अशी आज्ञा आहे. कापणी करणाऱ्याला ते भाताएवढेच माहीत असायला हवे, कारण कोपरा किती मोठा ठेवायचा हे त्यालाच ठरवायचे असते. कुंडीला कोपरा नसतो, खरे आहे. पण श्रावणात एकाच वेळी वीस पडवळे लागतात, आणि एका घराला आठवड्याला दोन पुरतात.

बियाण्याचेही तसेच. दुकानातल्या संकरित बियांची भाजी छान येते, पण तिचे बी धरले तर पुढच्या वर्षी तशीच येईल याची खात्री नाही. गावठी पडवळाचे, भेंडीचे बी धरता येते. नगर जिल्ह्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावठी बियाणी जमवली आणि वाटली; २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचे नाव आले. बी धरायचे, तर वेलावरचे सर्वांत चांगले फळ न खाता सोडावे लागते. ते पिकून तांबडे होते, येणारेजाणारे ‘हे काढायचे राहिले वाटते’ म्हणतात. मग बी वाळवून, राख लावून बाटलीत भरायचे, आणि पुढच्या मिरगाआधी अर्धे शेजारी द्यायचे, कारण आपले उगवले नाही तर मागायला तेच दार उरते.