देणे नसलेले बेट

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला रजा मिळते ती एक प्रश्न घेऊनच: जावयाचे कोठे? आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडत नसे. केंद्र सरकारने १९५६ साली रजाप्रवासाची सवलत सुरू केली, ती मुळात स्वग्रामी जाण्यासाठीच. पुढे चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्याची मुभा मिळाली. आणि अलीकडे तर स्वग्रामाची पाळी सोडून तिच्याऐवजी अंदमानास जाण्याचीही सोय झाली. कागदावर ही साधी अदलाबदल. तरीही गावाच्या रकान्यात बेटाचे नाव लिहिताना आम्हां बेंगळुरूवासी मराठी नोकरदारांची लेखणी क्षणभर अडखळते. ती का अडखळते?

आमचे एक स्नेही गेल्या हिवाळ्यात अशाच शोधात होते. वृद्ध आई, पत्नी आणि दोन मुले यांना घेऊन एखाद्या बेटावर आठवडाभर राहावे. निवास, जेवणखाण, नौकाविहार, मुलांचे खेळ हे सारे एकाच रकमेत मिळावे, एवढीच त्यांची अपेक्षा. "तेथे रोजचा हिशेब नाही," ते म्हणाले. "एकदा पैसे भरले, की कोणाचे काही देणे लागत नाही." हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले.

ही कल्पना जन्मली तेव्हा ऐषारामाची नव्हती. १९५० साली जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने माजोर्का बेटावर तंबूंची छावणी उभारली. महायुद्धाने पोळलेल्या माणसांनी चार दिवस उघड्यावर एकत्र राहावे, जेवावे, पोहावे, असा तिचा साधा हेतू होता. पुढे तिचे रूप पालटले. मालदीवमध्ये १९७२ साली कुरुंबा येथे पहिले पर्यटक-निवास उघडले आणि 'एका बेटावर एकच निवास' अशी रीत पडली. पाहुणे एका बेटावर, तेथील कुटुंबे दुसऱ्या बेटावर. वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना वाट मिळाली ती थेट २००९ नंतर. पाहुणा आहे, सेवक आहेत. यजमान मात्र नाही, अशी ही व्यवस्था.

याउलट गावाकडे बिल कोणी देत नाही; पण देणेही कधी फिटत नाही. काकूने निघताना पिशवीत घातलेली आमसुले आणि पोह्यांचे पापड यांची किंमत विचारणे हा अपमान ठरेल. हे न फिटणारे ऋण म्हणजेच आप्तपणा. देणे संपले, की नातेही संपले. तेव्हा बेटापेक्षा गाव श्रेष्ठ, असा निवाडा देऊन आम्ही मोकळे होणार, इतक्यात स्नेह्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "गावी तरी निराळे काय असते, भाऊजी? सारे काही मिळतेच की! फक्त ते माझ्या हातून होते."

आम्ही निरुत्तर झालो. वर्षभर परगावी संसार ओढून, रजेतही पहाटे चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीला गाव म्हणजे विश्रांती कशी वाटावी? गावच्या मोकळ्या आतिथ्यात तिचे कष्ट आम्ही हिशेबात धरलेच नव्हते. बेटावरचा आचारी निदान पगार घेतो. तोही बहुधा आमच्यासारखाच घरापासून दूर नेमणुकीवर आलेला असतो, हे मात्र आम्ही तेथे विसरतो.

म्हणजे प्रश्न गावाचा की बेटाचा, हा नव्हेच. आपल्या विश्रांतीसाठी कोण राबते, आणि ते राबणे आपल्याला दिसते की नाही, हा आहे. पैसे आधी भरल्याने हिशेब मिटतो. कृतज्ञता मिटत नाही.

आमच्या स्नेह्यांनी अखेर अंदमान निवडले. सवलतीत केवळ प्रवासभाडे मिळते; निवासाचा खर्च त्यांनी पदरचा केला. हॅवलॉकचे नाव २०१८ साली स्वराज द्वीप झाले; तेथे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची कुटुंबे वसली आहेत. स्वग्राम कायमचे हरवलेल्या त्या माणसांच्या अंगणावरून जाताना आईंचे डोळे पाणावले. परतीच्या वाटेवर सर्वजण सेल्युलर जेलमध्ये गेले. सावरकर बंधू जेथे १९२१ पर्यंत कोठडीत होते, तेथे मुलगा बराच वेळ गजांशी उभा राहिला. काळे पाणी ओलांडून कोणी स्वेच्छेने, हौसेने येईल, हे त्या काळी स्वप्नातही आले नसते. एकरकमी भाड्यात हे ऋण कोठेच धरलेले नव्हते.

बेंगळुरूस परतल्यावर स्नेही भेटले. "पुढची पाळी गावाची," ते म्हणाले, "पण या खेपेस चुलीपाशी मी बसणार." त्यांना स्वयंपाक येत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही रजेचा याहून चांगला बेत आम्ही बऱ्याच दिवसांत ऐकला नाही.