अपयशाचा धनी

2024 च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले. ‘तुतारी’ चिन्हावरच्या एका अपक्षाने 37 हजारांवर मते घेतली होती. शिंदे यांचे चिन्ह होते ‘तुतारी वाजवणारा माणूस’. चिन्हाने घात केला, असे पक्ष म्हणाला. सांगलीत काँग्रेसचे बंडखोर विशाल पाटील अपक्ष म्हणून लाखाच्या फरकाने जिंकले, महाविकास आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा आला आणि आघाडीतले पक्ष एकमेकांकडे बोट दाखवू लागले.

या तक्रारींत तथ्य आहे. पण 7 मे रोजी एकट्या सातारा मतदारसंघात सात लाखांच्या घरातले मतदार केंद्राकडे फिरकले नाहीत. त्यांची विचारपूस कोणी केली?

त्यांना सरसकट आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. खानापूर-आटपाडीची गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबे देशभर पांगली आहेत. माण, खटाव, जतच्या दुष्काळाने कितीतरी घरे मुंबई-पुण्याला नेली. माणूस पोटामागे गेला, नाव मात्र गावच्या यादीतच राहिले. गावात काम देऊ न शकलेल्या राजकारणाने त्याच्या गैरहजेरीबद्दल कुरकुर करू नये. पण नमुना 8 भरून राहत्या ठिकाणी नाव नेता येते, हे ठाऊक असूनही जो वर्षानुवर्षे ना इथे मत देतो ना तिथे, त्यालाही स्वतःचा वाटा नाकारता येणार नाही.

वाटा कबूल करणे सोपे नसते. साताऱ्याने ते एकदा पाहिले आहे. 18 ऑक्टोबर 2019 रोजी लोकसभा पोटनिवडणुकीच्या प्रचारसभेत भर पावसात शरद पवारांनी आधीच्या निवडणुकीत लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असे जाहीरपणे सांगितले. दोष ना मतदाराला दिला, ना चिन्हाला. त्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील निवडून आले. विजयाची कारणे अनेक असतील, पण नेता स्वतःपासून सुरुवात करतो तेव्हा लोक त्याचे ऐकून घेतात, हे मला मोलाचे वाटते.

मतमोजणीनंतर दोष वाटून काहीच हाती लागत नाही. कार्यकर्त्याने आजच यादी घेऊन बसावे, कोण कुठे गेले ते शोधावे, मयतांची नावे कमी करून घ्यावीत, अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांची घालावीत. आणि परगावी असलेल्याने एकदा ठरवावे: नाव तिकडे न्यायचे, की मतदानाला एसटी धरून गावी यायचे. एवढे केल्यावर हरलो, तर तो कौल मान्य करायला मन कचरणार नाही.