दोन होले, दोन टोल्या



शिवाजीनगर म्हटले की मराठी माणसाच्या मनात पुणे उभे राहते. बेंगळुरू शहरातही एक शिवाजीनगर आहे आणि तेथील पवित्र मरियेची बसिलिका हे दक्षिण भारतातील नामांकित तीर्थस्थान आहे. १८८२ साली अभिषेक झालेल्या या मंदिराला १९७३ साली बसिलिकेचा दर्जा लाभला. दरवर्षी ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, साडी नेसवलेली मातेची मूर्ती रथातून मिरवली जाते आणि सर्व धर्मांचे लोक तेथे दर्शनाला येतात.

जिच्या जन्मदिनी एवढा जनसागर लोटतो, तिच्या आईवडिलांची नावेसुद्धा चारही शुभवर्तमानांत आढळत नाहीत. योआकिम आणि अन्ना ही नावे परंपरेने आपल्यापर्यंत आली. नासरेथ गाव तर असे नगण्य की तेथून काही चांगले निघेल यावर नथनेलाचा विश्वास बसेना. अशा सामान्य घराने जगाच्या तारणाऱ्याला कोणते संस्कार दिले असतील?

गरिबीच माणसाला घडवते, असे उत्तर आपण चटकन देतो. ते अपुरे आहे. गरिबी उपाशी ठेवते, आयुष्य खुंटवते, पुष्कळदा मनही कडू करते. तिचे गोडवे बहुधा पोट भरलेलेच गातात. पवित्र घराण्यात जन्म मिळाल्यानेही काही साधत नाही. एली याजकाचे पुत्र देवमंदिराच्या छायेत वाढूनही लोकांच्या अर्पणांवर हात मारू लागले. त्याच छायेत हन्नेचा शमुवेल मात्र देवाचा संदेष्टा झाला.

लूकच्या शुभवर्तमानात एक बारीकसा तपशील आहे. बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा त्याच्या आईबापांनी होल्यांचा जोडा अथवा पारव्याची दोन पिले, एवढेच अर्पण केले. मोशेच्या नियमशास्त्रानुसार कोकरू अर्पण करायचे असे. ज्याला ते परवडत नसे, त्याच्यासाठी दोन पक्ष्यांची सवलत होती. मरिया आणि योसेफ यांनी आपली गरिबी लपवली नाही आणि तिची सबब सांगून रिकाम्या हातांनीही ते गेले नाहीत. पुढेही दरवर्षी वल्हांडण सणासाठी ते शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तुडवून यरुशलेमेला जात राहिले.

अनेक वर्षांनी त्याच मंदिरात येशू भांडाराजवळ बसला होता. श्रीमंत लोक मोठमोठी दाने टाकत होते. एका विधवेने दोन टोल्या टाकल्या. त्या दोन टोल्यांचे खरे मोल त्याने ओळखले. दोन पक्षी अर्पण करणाऱ्या घरात जो वाढला, त्याला त्या दोन टोल्या दिसल्या यात नवल ते काय? साध्या घराचा संस्कार तो हाच: इतरांच्या नजरेतून जे निसटते ते पाहणारी दृष्टी.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात याची साक्ष पंडिता रमाबाई देतात. १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने ते ज्ञान लेकीला दिले. १८७४ च्या दुष्काळात हे आईबाप उपासमारीने काही महिन्यांच्या अंतराने मरण पावले. ते घर ख्रिस्ती नव्हते. रमाबाईंचा बाप्तिस्मा पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. तथापि सत्यासाठी किंमत मोजण्याचे वळण त्यांना लागले ते त्याच घरात. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली आणि विधवा यांना आणून आश्रय दिला. केडगावचे मुक्तिसदन त्या कार्यातून वाढले. भूक पुस्तकात वाचून त्यांना कळली नव्हती.

मात्र ही दृष्टी एकदा लाभली की कायमची टिकते, असे समजू नये. बेथलेहेमचा मेंढपाळ दावीद राजा झाला आणि राजवाड्याच्या गच्चीवरून त्याला उरियाची बायको दिसली, उरिया दिसला नाही. नाथान संदेष्ट्याने त्याला गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा कुठे त्याच्यातला मेंढपाळ जागा झाला.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांचे बालपण गावाकडच्या लहानशा घरात गेले आणि आपली मुले आज शहरात सुखाने वाढत आहेत. त्यांना मुद्दाम गरिबीत ढकलावे असे कोणी म्हणणार नाही. पण रविवारी दानपेटीत टाकण्यासाठी आपण मुलाच्या हाती नाणे देतो, ते आपल्या खिशातले असते. त्याचे त्यात काहीच जात नाही. कधी त्याला विचारावे, तुझ्या खाऊच्या पैशांतून तू काय देशील? आणि तोच प्रश्न त्याने आपल्याला विचारला तर सांगण्याजोगे काही आपल्याजवळ असावे.