त्याग ज्याचा त्यानेच करावा

अनिकेत राहणे हा भिक्षुकाचा आचार आहे. परमेश्वराला अनुसरलेल्याने घर, क्षेत्र, आप्त यांचा संबंध सोडावा, अटन करावे, भिक्षेवर निर्वाह करावा, ही शास्त्राची आज्ञा. यावरून एखादा वासनिक विचारतो : घर हेच जर बंधन, तर वादळाने ज्याचे घर नेले त्याला ते पुन्हा उभारून देण्यात कोणते हित? शंका चतुर आहे. पण तिच्यात त्यागाचा कर्ताच हरवला आहे. धन्याने स्वतः सोडले तर तो त्याग. पाण्याने नेले तर ती हानी. हानी सोसणाऱ्यापुढे वैराग्याचे निरूपण करणे ही वाचिक हिंसाच होय.

यासाठी एक दूरदेशीचा प्रसंग पाहावा. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळचे न्यू ऑर्लिन्स शहर बरेचसे समुद्रसपाटीहून खाली, बांधांच्या आधाराने वसलेले आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरीना हे चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आले. बांध ठिकठिकाणी फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ते बांध सरकारी अभियंत्यांच्याच देखरेखीखालील होते. तेव्हा सगळा दोष वाऱ्यावर ढकलून भागत नाही. तेथील 'लोअर नाइन्थ वॉर्ड' या भागात बहुतेक वस्ती कृष्णवर्णीय श्रमिकांची होती. पुष्कळ घरे वाडवडिलांकडून आलेली, पण कित्येकांवर वारसांचे नाव कागदोपत्री चढलेले नव्हते. माणसे परगावी पांगली आणि घरे चिखलाने भरून मागे राहिली.

पुढील वर्षी वसंताच्या सुटीत देशभरातून हजारो महाविद्यालयीन विद्यार्थी तेथे गेले. शाळांत, चर्चमध्ये, तंबूंत निजले. घर बांधावयास गेलेल्यांच्या हाती प्रथम आले ते उखडण्याचे काम. तोंडावर मुखपट्टी आणि हातांत मोजे घालून त्यांनी गाळ फावड्याने ओढला, कुजलेले सामान बाहेर काढले. आतले अन्न सडलेले फ्रिज चिकटपट्टीने बंद करून तसेच्या तसे रस्त्याकडेला नेऊन ठेवावे लागत. मग भिंतींचे भिजलेले तक्ते पहारीने पाडून लाकडी सांगाडा उघडा करावयाचा, बुरशी घासावयाची, लाकूड वाळू द्यावयाचे. नवी भिंत त्यानंतर. त्या कामाला निकडही होती. २९ ऑगस्ट २००६ च्या आत घर रिकामे व स्वच्छ न केल्यास त्यावर कारवाई करण्याचा नियम नगरपरिषदेने केला होता. परगावी अडकलेला निर्धन मनुष्य ते कसे करणार? विद्यार्थ्यांच्या श्रमाने अशा माणसाचे छप्पर वाचलेच. शिवाय घर ठेवावे की सोडावे हे ठरविण्याचा त्याचा अधिकारही वाचला. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे.

या सेवेतील कठीण भाग पहार चालविण्याचा नव्हे. मालकाची संमती घेऊनच घरात शिरावयाचे, हा तेथील सेवासंस्थांचा शिरस्ता होता. तो योग्यच. चिखलाने माखलेला छायाचित्रसंग्रह परक्याला कचरा दिसतो. घरधनिणीला त्यात तिची माय दिसते. तो फेकावा की पुसून ठेवावा, हे तिने सांगावे. न विचारता फेकणारा हात कितीही सद्भावाचा असला, तरी वादळाने जे केले त्यातलेच थोडे तोही करतो. तरुणपणी उत्साह असतो, सुटी संपत आलेली असते, घरे पुष्कळ असतात; अशा वेळी थांबून विचारणे हेच खरे तप.

ऋद्धिपुरी मातंगांनी पाण्यासाठी श्रीप्रभूंना विनविले. श्रीप्रभूंनी जागा दाखविली, तेथे विहीर झाली. लीळेतला क्रम साधकांनी नीट पाहावा : विनवणी आधी, विहीर मागून.

मात्र या विद्यार्थ्यांची स्तुती करताना राज्याचे कर्तव्य झाकू नये. आठवडाभराच्या सुटीत सांगाडा उघडा होतो, घर पुरे होत नाही. त्यासाठी जे सरकारी साहाय्य मिळाले, ते घराच्या वादळापूर्वीच्या बाजारभावाशी जोडलेले होते. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत भाव कमी, म्हणून दुरुस्तीचा खर्च तेवढाच असूनही रक्कम कमी. यावर दावा झाला, आणि २०११ मध्ये ६.२ कोटी डॉलरांची तडजोड झाली. तोपर्यंत वादळाला सहा वर्षे होत आली होती. परतण्याची इच्छा असून कित्येक परतले नाहीत. पुढेही त्या भागात गवत माजलेल्या मोकळ्या जागा राहिल्या. काही ठिकाणी घर गेले होते आणि दाराशी चढणाऱ्या पायऱ्या तेवढ्या उभ्या होत्या.